गळ्याचं बटण

फोटोवाल्याचा खरा धंदा ओळखपत्रांच्या फोटोंचा. मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, आणि दिवसभर "मान सरळ, डोळे मिटू नका" हा जप. पण पोलीस चौकी दुकानाच्या समोरच. त्यामुळे शवागारातल्या बेवारस माणसांचे फोटो काढायचं काम कधीतरी त्याच्या अंगावर येऊन पडलं, ते कायमचंच. "ही गिऱ्हाइकं बरी," तो बायकोला म्हणायचा, "एकही मेला हलत नाही." त्यावर बायको म्हणायची, "जेवताना तरी असलं बोलू नका हो."

थट्टा आपली तोंडापुरती. शवागारात गेला की आधी तो आहे तसा एक फोटो काढायचा. मग पिशवीतून ओला रुमाल आणि कंगवा काढायचा. चेहरा पुसायचा, केस विंचरून भांग पाडायचा, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावायचा आणि दुसरा फोटो घ्यायचा. चौकीच्या फायलीत जायचा तो हा दुसरा. उद्या कुणाची तरी आई हा फोटो बघेल, पोराची आबाळ झाली असं तिला वाटू नये, एवढंच त्याच्या मनात असायचं. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला फोटो मात्र मेमरी कार्डातच राहायचा, आणि कार्ड भरलं की खणात जायचं.

एकदा सकाळी एक म्हातारी दुकानात आली. हातात चौकीतून मिळालेली फोटोची झेरॉक्स. तिचा मुलगा भांडून घरातून गेला, तो परतलाच नव्हता. उन्हाळ्यात पोलिसांनी तिला हा फोटो दाखवला, तेव्हा "हा माझा नाही" म्हणून ती घरी गेली होती आणि किती दिवसांनी पोटभर जेवली होती. ओळख पटवायला दुसरं कुणी आलं नाही, म्हणून फोटोतल्या त्या माणसाला पुरून वर आकडा घातलेला पत्रा रोवला होता.

"तेव्हा नाही म्हणाले," ती म्हणाली, "पण हे कान काही डोळ्यांपुढून हलत नाहीत. कान त्याचेच आहेत हो. लहानपणी अंगावर उकळतं दूध सांडलं होतं, गळ्याखाली भाजल्याचा डाग आहे त्याच्या. या फोटोत गळाच दिसत नाही."

फोटोवाल्याने झेरॉक्स हातात घेतली.

"ते बटण मी लावलं, मावशी. केसही मीच विंचरले."

"का?"

त्याने जुन्या कार्डांचा खण ओढला. "त्याआधीचा एक फोटो आहे," तो म्हणाला. "बसा. शोधतो."

जुना कॅमेरा त्याने नव्याच्या बदल्यात देऊन टाकला होता, तेव्हा सगळी भिस्त कार्ड रीडरवर. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. दहा ठिकाणची कार्डं खुपसून व्हायरसने जीव नकोसा केला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने ते घालून दिलं होतं, आणि काळ्या खिडकीत दोन-चार आज्ञा लिहायला शिकवल्या होत्या. त्याने त्या उन्हाळ्यातलं कार्ड निवडून रीडरमध्ये घातलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. जोडलेल्या वस्तूंची यादी मागवली, तर तीत रीडरचं नाव होतं. डिस्कांची यादी मागवली, तर कार्डाची जागा शून्य. म्हणजे रीडर जिवंत होता, पण त्याला पोटातलं कार्ड दिसत नव्हतं.

त्याने कार्डाच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने हलकेच घासल्या. शून्यच. मग कालचं, चांगलं चालणारं कार्ड घालून पाहिलं, तेही शून्य. तेव्हा त्याचा जीव जरा भांड्यात पडला, दोष कार्डाचा नव्हता. तो टेबलाखाली शिरला, रीडरची वायर पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत खोचली, आणि जुनं कार्ड पुन्हा आत घातलं. या वेळी आकडा आला.

"दिसला का हो?"

"कार्ड दिसतंय, मावशी. फोटो अजून नाही."

कार्ड उघडायला गेला तर आतली मांडणी बिघडल्याचा निरोप आला. घाईच्या वेळी कार्ड तसंच उपटून काढायची खोड त्याचीच, दोष कुणाला देणार? दुरुस्तीची आज्ञा त्याला ठाऊक होती, पण दुरुस्ती म्हणजे कार्डावर लिहिणं, आणि त्यात आहे तेही जायचं. त्याने फक्त वाचण्यापुरतं उघडायला सांगितलं. फोल्डर उघडला.

कॉम्प्युटरच्या पडद्याची पाठ म्हातारीकडे होती. फोटो आधी त्यालाच दिसला. कपाळावर केस आलेले, शर्ट उघडा, आणि गळ्याखाली जुना भाजल्याचा डाग.

"कार्ड गेलं, मावशी," एवढं म्हटलं असतं तर ती मुलाला जिवंत धरूनच घरी गेली असती. असं म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण ते कान डोळ्यांपुढे घेऊन ती आणखी किती उंबरठे झिजवणार होती? त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

तिने काचेवर बोट टेकवलं आणि कपाळावरचे केस बाजूला सारावेत तसं ते फिरवलं. "हाच," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

धर्म करता कर्म उभं राहतं म्हणतात, ते असं. "मी हात लावला नसता, तर तुम्ही त्याला तेव्हाच ओळखलं असतं. घरी नेलं असतं," तो म्हणाला. "चुकलं माझं." तिचं बोट काचेवरच होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाली मान घालून ऐकल्या असत्या.

पदराने डोळे पुसून तिने फोटो मागितला. तो पडद्यावरचाच छापायला निघाला, तशी तिने नको म्हणून मान हलवली.

"हा चौकीत द्या. मला तो द्या, विंचरलेला. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेत. कसा होता विचारतील. सांगेन, कुणीतरी तोंड पुसलं होतं त्याचं."

फोटो छापून त्याने पाकिटात घातला. ते घेताना तिने त्याचा हातच धरला.

"शेवटचा हात तुमचाच लागला त्याला," ती म्हणाली.

दारात फोटोसाठी कुणीतरी येऊन उभं होतं. त्याने हात सोडवून घेतला नाही.