त्याच कापडाचा दोरा

रफूबाईंचं दुकान आणि माझी किल्ल्यांची टपरी यांच्यात एकच भिंत आहे, तीही फळ्यांची. त्यामुळे त्यांचा फोन बोलायला लागल्यापासून माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. फोनमधली बाई दिवसभर एका सुरात सांगत असते, "संदेश. बटण. उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारा." मी इकडून ओरडतो, "मारा की एकदाची!" रफूबाई तिकडून म्हणतात, "तुम्ही तुमची कानस घासा."

पस्तीस वर्षं बाईंनी फाटकी कापडं अशी सांधली, की गिऱ्हाईक भोक कुठे होतं ते शोधत बसायचं. दोरा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढायच्या. परका दोरा चार धुण्यांत चुगली करतो, असं त्यांचं म्हणणं. मग दोन वर्षांत डोळे गेले. आधी काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, मग कापडच दिसेना. आता चाचपून बटणं आणि हूक लावतात. रफूचं कुणी विचारलं तर "सध्या घेत नाही," म्हणतात. सध्या! मला ते ऐकवत नाही, म्हणून मी मशीन सुरू करतो.

पूर्वी त्यांची धाकटी बहीण दुकानात असायची. रोज सकाळी चाळीस सुया ओवून ठेवायच्या, हे तिचं काम. रफूला बाईंनी तिचा हात लागू दिला नाही. एक दिवस ती म्हणाली, "तू मला जन्मभर सुया ओवायलाच बसवणार," सुयांचा डबा उपडा केला आणि गेली. त्याला नऊ वर्षं झाली. बाईही नाकावर माशी बसू न देणाऱ्या. डोळ्यांचं तिला कळवलंच नाही.

आणि गुरुवारी सकाळी तिचा संदेश आला. "उद्या तुझ्या गावावरून जाणार आहे. उतरू का? बारापर्यंत कळव, तिकीट काढायचंय."

अकराच्या सुमाराला हाक आली, "अहो किल्लीवाले, जरा या."

बाई घामाघूम झाल्या होत्या. आधी रागाच्या भरात त्यांनी उत्तर लिहून ठेवलं होतं. मी मजेत आहे. दुकान जोरात चाललंय. मला वेळ नाही. येऊ नकोस. मग राग ओसरला. आता त्यांना 'नकोस' काढायचं होतं.

"अक्षरावर बोट सरकवलं की फोन सांगतो, 'न'," बाई म्हणाल्या. "मी पुसते. तर तो म्हणतो, 'ऊ पुसलं.' न तसाच!"

"म्हणजे तुम्ही न च्या अलीकडे होतात."

"मग न कशाला म्हणाला?"

पुढून आलं तर अक्षराच्या एका बाजूला, मागून आलं तर दुसऱ्या बाजूला, असं काहीतरी असावं. आम्ही पुढून आलो, मागून आलो. एकदा 'मजेत' मधला ज गेला. तो परत घातला तो 'दुकान'च्या पोटात. पुन्हा सगळं निस्तरलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"सरळ फोन करा ना तिला."

"तिसऱ्या वाक्याला भांडतो आम्ही. आणि मी रडले तर?" बाई म्हणाल्या. "साडेअकरा झाले का हो?"

झाले होते. मी म्हटलं, आणा इकडे, डोळसाचं काम आहे. फोन हातात घेतला तर सगळा काळाकुट्ट.

"बाई, हा मेलाय."

"पडदा झाकलाय त्याचा. मला काय करायचाय उजेड? बॅटरी वाचते."

डोळे असून आंधळा म्हणतात तो मी. त्या काळ्या काचेवर बोट फिरवायला लागलो. बोट जाईल तिथे फोनमधली बाई बोलायची. "मजकूर." "कळफलक." "पाठवा. बटण. दोनदा टिचकी मारा." दिवसभर ऐकून ऐकून ते वाक्य माझ्या हाडांत मुरलेलं. मी मुकाट्याने दोनदा मारली.

"पाठवलं," फोन म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली. नऊ वर्षांनी ती उतरू का विचारते, आणि मी तिला येऊ नकोस पाठवून मोकळा.

"पुसता येतं म्हणे पाठवलेलं," मी कसंबसं म्हणालो.

"पुसल्याची खूण राहते," बाई म्हणाल्या. "भोक दिसेल तिला. मग त्या भोकात ती स्वतःच काय काय भरत बसेल." थोडा वेळ त्या अंगठ्याने काचेची कड चाचपत राहिल्या. "आता काही पुसायचं नाही. दोरा त्यातलाच काढू. द्या फोन. आणि हात मागे बांधा."

मी बांधले. त्या एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या, फोन एकेक बोलत गेला. मी मजेत नाही. दुकान जोरात चालत नाही. वेळ आहे, वेळच आहे. येऊ नकोस ते रागाने लिहिलं. मला दोन वर्षं दिसत नाही. ये.

मध्ये एक अक्षर चुकलेलं मी ऐकलं. सांगितलंही. "असू दे," म्हणाल्या आणि पाठवून दिलं. बाराला सात कमी होते.

बारा वाजले. एक वाजला. एक माणूस कुलूप घेऊन आला, त्याला मी उद्या ये म्हटलं. बाई एकाच बटणाला दोरा गुंडाळत बसल्या होत्या. गाठ मारायचं विसरल्या होत्या.

सव्वाला फोन वाजला. बाईंनी बोट काचेवर टेकवलं.

"गाडी नऊला पोहोचते," फोन म्हणाला, आणि बोट घसरलं. "एक वाजून सोळा मिनिटं." पुन्हा घसरलं. "बॅटरी बारा टक्के."

"पुढे काहीतरी आहे," बाई म्हणाल्या. "कुठे गेलं? अहो, कुठे गेलं ते?"

मला काय कळणार! मी हात मागे बांधूनच उभा होतो. "मागे. बटण," फोन म्हणाला. "मजकूर." बाईंनी बोट उचललं, मांडीला पुसलं आणि पुन्हा हळूच टेकवलं.

"गाडी नऊला पोहोचते," फोनमधली बाई तिच्या त्याच कोरड्या सुरात म्हणाली. "डबा काढून ठेव. सुया मी ओवीन."