नाव नसलेली चिठ्ठी

शिक्षकांच्या खोलीत कपाटावर बुटांचा एक खोका असतो. त्याला निळा चकचकीत कागद चिकटवलाय, वर फट कापलीय. व्यसनमुक्ती सप्ताहातली ही आमची प्रश्नपेटी. आज ती उघडली, तर आत एकही चिठ्ठी नव्हती.

मुलं मोकळेपणाने बोलत नाहीत, अशी तक्रार आपण मोठी माणसं किती सहज करतो!

मागच्या वर्षी एक चिठ्ठी होती. "नाव लिहू नका, बिनधास्त विचारा," असं आम्हीच वर्गावर्गांत सांगितलं होतं. आत एकच ओळ होती, 'नशेच्या गोळ्या सोडायच्यात, कुणाला सांगू?'

"आधी अक्षर कुणाचं ते बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. लगेच नववी-दहावीच्या वह्यांचे गठ्ठे टेबलावर आले. इतकं मन लावून आम्ही त्या वह्या कधी तपासल्याही नव्हत्या. 'श'ची ती मोठी गाठ मी ओळखली. दोन वर्षं त्या मुलीचं शुद्धलेखन मीच तपासत होते. मी नाव सांगून टाकलं. वाटलं, तिला मदत होईल.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईवडिलांना बोलावणं गेलं. आठवड्याभरात तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहूनच गेलं.

आज रिकामी पेटी बघून मुख्याध्यापिकांचा चेहरा खुलला. "अहवाल तुम्हीच लिहा बाई, तुमचं अक्षर छान आहे."

मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'आमची शाळा व्यसनमुक्त आहे.'