मरळीची पिल्लं

मी नेवाशाच्या शाळेत विज्ञान शिकवते. वस्तीवर परत यायला संध्याकाळचे पाच वाजतात. तोवर माझी सहा वर्षांची लेक धाकट्या जावेजवळ असते. जाऊ प्रवराकाठच्या गावातली, आठवीपर्यंत शिकलेली. तिला मूल नाही. लेकीला ती एवढा जीव लावते याचं मला बरं वाटायला हवं होतं.

त्या पावसाळ्यात आमच्या शेततळ्यात मरळ माशाची जोडी दिसली. मरळ काठचं गवत सारून गोल जागा करते, तिथं तिची पिवळसर अंडी तरंगतात. हे सांगायला मी पुस्तक उघडलं, तर लेक म्हणाली, "माहितेय गं. काकूनं खरी अंडी दाखवली." आणि पळाली.

चारेक दिवसांनी मी दोघींच्या मागोमाग तळ्यावर गेले. तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर वळवळत होता. खाली आईबाप पहाऱ्यावर.

"पिल्लांजवळ काय बी आलं तरी मरळ तुटून पडती," जाऊ सांगत होती. "बेडूक सोडला तरी गिळंल."

लेक तिच्या मांडीवर रेलून ऐकत होती. मी आल्याचं दोघींनाही कळलं नाही. मी तशीच मागं फिरले.

घरी येऊन मी दिराला म्हटलं, "भाऊजी, आपण तळ्यात सोडलेली रोहूची बोटुकली मरळ खाईल. गळ टाका. पिल्लांच्या मधोमध बेडूक सोडा, लगेच लागेल."

बोलले ते खोटं नव्हतं. मरळ अशी बोटभर पिल्लं खातेच. पण मला रोहूची काळजी कधीच नव्हती.

रविवारी सकाळी हातभर मरळ काठावर तडफडत होती. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे लवकर मरत नाही. लेक बघत राहिली. मग रडत धावली ती माझ्यासमोरून, थेट काकूकडे.

"आता पिल्लांना कोण बघणार?"

जावेनं तिला उचललं. दिराला एका शब्दानं बोलली नाही. दुपारी तिनंच कालवण केलं, स्वतः मात्र चटणी-भाकरी खाल्ली.

भांडी घासताना मला राहवलं नाही. "गळ टाकायला मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय, ताई," ती म्हणाली. "बेडकाचं तुमीच आयकलं असंल. ह्यांना कुठलं म्हाईत!"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पोरगी तुमचीच हाय की."

हात धुऊन ती मला तळ्यावर घेऊन गेली. घोळका निम्मा झाला होता. खंड्या पक्षी तारेवर बसून होता. पण पिल्लांखाली एक काळी पाठ सावकाश फिरत होती. दुसरी मरळ जागेवर होती.

आता सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघी तळ्यावर जातो. लेक अजूनही आधी काकूचाच हात धरते. मला अजूनही ते टोचतं. पण मी सोबत जाते.