गुणाजीच्या गाडीचे पाय

पंतनगरात कुणीतरी पुडी सोडली होती, की धम्मपाल मेकॅनिक गाडी बरी करतच नाही, नुसती रजेवर पाठवतो. परत यावी म्हणून मुद्दाम एक नट ढिला ठेवतो म्हणे. साफ खोटं. दुरुस्त केलेली गाडी परत आली तर त्याला घास उतरत नाही. आणि गुणाजी तावड्यांची पिकअप तर तिसऱ्यांदा दारात उभी होती.

"मेल्या, काय केलंस? परत थरथरता हा," गुणाजी खिडकीतूनच म्हणाले. "हर्षदशेटान सांगल्यान, आणखी एक काच तडाकली तर सोमवारपासून दुसरी गाडी."

हर्षद काचेचा व्यापारी. त्याच्या मालावरच गुणाजींची चूल पेटायची.

"काका, ब्रेकची डिस्क आरशासारखी करून दिलेली मी."

"मग आरसो फुटलो."

धम्मपाल दात खात गाडीत बसला. सर्व्हिस रोडवर, गाडी हळू असताना, त्याने हँडब्रेक जरासा ओढला. हा मागच्या चाकांना धरतो. काही नाही, गाडी लोण्यासारखी थांबली. मग पायाचा ब्रेक दाबला, तर पेडल तळपायाला टकटक ढकलू लागलं आणि स्टेअरिंग अंगात आल्यासारखं हलू लागलं. म्हणजे दुखणं पुढे. चाक काढून डिस्कला वाकडेपणा मोजायचा डायल लावला. काटा डुलला. लेथवर दोनदा सरळ केलेली डिस्क परत वाकडी.

"आता नवीच टाकतो," तो म्हणाला, "आणि उद्या दिवसभर तुमच्या शेजारी बसतो. बघू तरी काय करता."

"मी काय करतलंय? गाडी चालवतंय."

दुसऱ्या दिवशी मुलुंडहून घाटकोपरपर्यंत काचा भरलेली गाडी छान थांबत होती. धम्मपालचा जीव भांड्यात पडला. मग गुणाजींनी चाळीपाशी गाडी लावली, खाली उतरले, तयार ठेवलेली बादली उचलली आणि पुढच्या चाकावर भस्सकन ओतली. छ्स्स... वाफ उठली.

धम्मपाल पायरीवरच बसला. "काका, हे काय?"

"पाय धुतंय. गाडी म्हणजे लक्ष्मी. भायरसून इली की पाय धुऊक नको?"

"रोज?"

"रोज."

"अहो, तापलेल्या लोखंडावर गार पाणी! मी दोन महिने वेड्यासारखा डिस्क घासतोय आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिची वाट लावताय?"

"म्हणजे लक्ष्मीक तशीच घरात घेऊ?"

धम्मपाल ओरडणारच होता, पण थांबला. "काका, उन्हातून माणूस आला की लगेच पाणी पाजता? की आधी 'टेक जरा' म्हणता?"

"टेक म्हणतंय."

"मग तिलाही टेकू द्या. तासभर. मग धुवा पाय, हळदकुंकू लावा, आरती करा."

गुणाजींनी रिकामी बादली खाली ठेवली. "ह्या आदी सांगूक काय झालेला तुका?"

धम्मपालने कपाळावर हात मारला.

म्हातारा तीन दिवसांत जुन्या सवयीवर येणार, अशी पैज मी, गॅरेजात हाताखाली काम करणाऱ्या पोराने, धम्मपालशी लावली होती. दीड महिना झाला. गुणाजी चहा घेत वाट बघतात, हर्षदने काम काढून घेतलं नाही, आणि पैज हरल्यामुळे ठरल्याप्रमाणे मला पूर्ण महिनाभर धम्मपालची नक्कल बंद ठेवावी लागली.