न पोचलेली मोटार

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. पहिल्या बाळंतपणासाठी मला वाशीमला न्यायला वडील हिंगोलीला आले होते. सासूबाईंनी ओटी भरायला इतका वेळ लावला, की सकाळची मोटार चुकली. वडील वाटभर त्यांच्या नावानं खडे फोडत होते.

अड्ड्यावर दुपारची मोटारही रद्द झाली. वडील एजंटावर भडकले. "तिकीट काढलंय आमी. पोचवायची जिम्मेदारी तुमची न्हाई? काहून रद्द केली?"

एजंटानं इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "काका, सकाळची मोटार हद्दीवरच्या कनेरगाव नाक्याला पोचलीच न्हाई. वाटेत रझाकारांनी गाठली म्हणतात."

ओटीतला नारळ मी पोटाशी आवळून धरला. भरल्या ओटीनं निघालेल्या बाईनं माघारी फिरू नये म्हणतात. आम्ही फिरलो. दारात वडिलांनी पागोटं उतरवलं आणि सासूबाईंच्या पायांवर ठेवलं.