चाचांचं इंजिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या मंठा रोडवरचे नाही.

पण आधी माझ्या पंपाबद्दल ऐका. नव्वदच्या दशकात या रोडवर असा पेट्रोल पंप दुसरा नव्हता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगेन. इतरांचं आवार काळं, तेलकट. माझ्याकडे हिरवळ, जास्वंद आणि भिंतीवर मीच सुचवलेली ओळ — ‘आम्ही तेल विकतो, निसर्ग जपतो’. कंपनीने ती पुढे इतर पंपांवरही रंगवून घेतली. अभिमान का वाटू नये? उन्हाळ्यात जालन्याचे नळ कोरडे पडायचे आणि माझ्या हिरवळीला टँकर यायचा!

टँकर कशाला, शेजारी विहीर असताना? — इथे आलो की माझी जीभ अडते.

विहीर रशीदचाचांची. पंपाला लागूनच त्यांची मोसंबीची बाग. एके सकाळी ते तांब्याभर पाणी घेऊन आले. “दादा, पाण्याला वास येऊन राह्यला. बघा बरं जरा.” मी हुंगलं. डिझेल होतं. कुठलं, तेही मला ठाऊक होतं. जमिनीखालच्या टाकीत काठी घालून मी रोज तेल मोजायचो. विक्रीच्या मानाने ते जास्तच उतरत होतं. टाकी गळत होती. कंपनीला कळवलं असतं तर पंप बंद झाला असता आणि त्या वर्षी मला मिळणारं कंपनीचं ‘हरित पंपा’चं बक्षीस दुसऱ्याला गेलं असतं. मी काय म्हणालो? म्हणालो, “चाचा, तुमचंच इंजिन गळत असेल विहिरीत.”

तेव्हा विहिरीच्या काठावर डिझेल इंजिन असायचंच. संशय कोण घेणार? चाचांनी इंजिन भंगारात घातलं, विजेची मोटर बसवली, सगळी विहीर उपसून काढली. वास गेला नाही. “मुरलंय जमिनीत, चाचा, जायला वेळ लागेल,” मी म्हणालो, आणि त्यांना ते पटलं.

आणि मग मला एक सुचलं — डोकं तल्लख होतं हो माझं! बक्षीस द्यायला मुंबईहून साहेब आले, त्याच मांडवात मी चाचांचा सत्कार ठेवला. निसर्गासाठी डिझेल सोडणारा शेतकरी! तोही डिझेलच्या पंपावर! शाल, नारळ, कंपनीच्या मासिकात फोटो. चाचा माईकवर म्हणाले, “चूक बिलकुल माझीच होती. दादांनी बराबर दाखवली.” सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. लाज वाटली असेल, असं वाटतं तुम्हाला? छे. ऊर भरून आला होता माझा.

टाकी मी नंतर गुपचूप बदलून घेतली, वर पुन्हा हिरवळ लावली. तोवर बाग वाळून गेली होती. चाचांनी स्वतःच्या हातांनी झाडं तोडली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझ्याच इंजिनानं बाग खाल्ली. शेवटपर्यंत हेच सांगत राहिले. त्यांना माती देऊन परतताना त्यांचा मुलगा मला म्हणाला, “अब्बा तुमचं लई नाव काढायचे.” 

तो फोटो अजून माझ्या ऑफिसात आहे, बक्षिसाच्या ढालीशेजारी. येणाऱ्याला मी दोन्ही दाखवतो. फोटोत शाल पांघरलेले चाचा खाली बघतायत आणि मी कॅमेऱ्याकडे.

इंजिन चांगलं होतं, चाचा. टाकी माझी गळत होती.