ओकदानचा वादळातला फोन

ओकदान म्हातारी भांडायला उभी राहिली की मोकसम बेटावरचे लोक हातातलं काम टाकून ऐकायला यायचे. आवाजच तसा. जन्मभर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेली बाई, पाण्यानं कान अधू झालेले, "जेवलास का?" असं विचारलं तरी समोरच्याला धमकी वाटे.

त्या सकाळी तिनं टेलिफोन कंपनीच्या प्योला अंगणातच रोखलं होतं. हातात शिंपले खरवडायचा लोखंडी आकडा.

"उंबऱ्याला पाय लाव, मग दाखवते!"

"आजी, अख्ख्या बेटावर नवी तार आली, तुमचंच घर उरलंय," प्यो काकुळतीला आला. "समुद्राखालची तांब्याची तार सडलीय. ही काचेची. माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटेल."

"मला शेजारी कुणी बसायला नकोय."

सरपंच हाम तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तो कुंपणापलीकडून ओरडला, "वहिनी, तुझ्या एका काळ्या फोनच्या डबड्यापायी सगळ्यांनी खोळंबायचं? तुला फोन करतो तरी कोण?"

लोक फिदीफिदी हसले. ओकदाननं उगारलेला आकडा खाली घेतला, आणि तसं बेटानं कधी पाहिलंच नव्हतं.

फोन येत असे. फक्त वादळात. समोरच्या मोठ्या बेटावर तिची धाकटी बहीण बोंगसिम राहायची. आई वारली तेव्हा सोया मुरवायची तिची मातीची बरणी बोंगसिमनं न विचारता बोटीत घातली आणि पलीकडच्या धक्क्यावर तिचे तुकडे उतरले. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मात्र मोठं वादळ आलं, वारा फिरून दक्षिणेकडून वाहू लागला, की घंटी वाजायची.

"मेलीस का?"

"नाही. तू?"

"मी कशाला मरू?"

आणि फोन आपटल्याचा आवाज. ओकदानला तो आवाज पुरे. मग ती भात वाढून घ्यायची.

बेटावरची वीज गेली तरी तो काळा फोन वाजायचा, कारण त्याची वीज त्याच तारेतून पलीकडच्या टेलिफोन केंद्रातून यायची. शेवटी तिनं प्योला एवढंच विचारलं, "दिवे गेले की तुझी काच बोलेल?"

"काचेच्या तारेला भिंतीवर हा डबा लागतो, तो घरच्या विजेवर चालतो, आजी. वीज गेली तर आत बॅटरी आहे. काही तास निघतील."

"काही म्हणजे?"

"वादळ लवकर उरकलं, तर पुरतील."

"जा, वादळाला सांगून ये," ती म्हणाली. पण कंपनीनं जुनी तार बंदच करायची ठरवल्यावर तिला दार उघडावं लागलं. बहिणीच्या फोनसाठी अडून बसलेय, हे सांगण्यापेक्षा तिनं जीभ कापून दिली असती.

शरदाच्या तोंडावर वादळ आलं. दुपार व्हायच्या आत वीज गेली. भिंतीवरचा डबा टिकटिक करत बॅटरी पिऊ लागला. ओकदाननं आयुष्यभर विजेरीतले सेल काढून ठेवून वाचवले होते. तिनं डब्याचं झाकण उघडलं, बॅटरी उपसली आणि गोधडीत गुंडाळून ठेवली. वारा फिरला की लावू. बोंगसिमचा फोन त्याआधी कधीच येत नसे.

वारा फिरला. तिनं बॅटरी बसवली. पण डबा लगेच बोलेना. एक दिवा लागला, विझला, मग दुसरा. रंगपटात आरशासमोर बसलेल्या नटासारखा सावकाश. बाहेर पडदा उघडलेला, प्रेक्षक ताटकळलेले, आणि याची मिशी अजून चिकटायचीय! अखेर फोनला सूर आला, तेव्हा घंटी वाजायची वेळ टळून गेली होती.

ती वाट बघत बसली. अंधारून आलं. थोरलीनं कधी फोन लावला नव्हता, तो मान धाकटीचा. आज तिनं लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला, बॅटरी मरेपर्यंत.

उजाडताच ती धक्क्यावर गेली आणि पहिल्या नावाड्याची गचांडी धरली. "मोठ्या बेटावर ने."

"आजी, लाटा बघा!"

"लाटांना भीत असते तर मी उपाशी मेले असते. काढ नाव!"

तेवढ्यात एक नाव हेलकावत धक्क्याला लागली. तिच्या पुढच्या टोकाला, ओकारीनं हिरवी पडलेली, बोचकं उराशी धरलेली म्हातारी बोंगसिम.

ओकदाननं नावाड्याची गचांडी सोडली.

"जिवंत आहेस?" बोंगसिम.

"दिसत नाही?"

"मग फोन काय लोणचं घालायला ठेवलायस?"

"आणि तू कुठे उलथली होतीस? मी किती वेळा लावला!"

बोंगसिमचं तोंड उघडंच राहिलं. "तू? तू लावलास?" मग तिनं नाक पुसलं. "तुझा फोन लागेना, म्हणून मी रात्रभर धक्क्यावर होते. एक नावाडी यायला तयार होईल तर शपथ."

"ही कोण?" आरडाओरडा ऐकून धक्क्यावर आलेल्या हामनं विचारलं.

"आईची बरणी फोडणारी."

"मी नाही, नावाड्यानं फोडली!"

"बोटीत कुणी घातली?"

चढणीवर दोघींचा आवाज साऱ्या बेटानं ऐकला. परतीची नाव सुटली, कुणी वळून पाहिलं नाही. घरात येताच ओकदाननं बोचक्याकडे हनुवटी उडवली. "काय आणलंयस?"

"तुझ्या मयताचे कपडे. केव्हाचे शिवून ठेवलेत."

ओकदाननं तागाचा झगा उलगडला, अंगाला लावून पाहिला.

"बाही आखूड आहे."

"हात आत घे. मेल्यावर कोण बघतंय, ताई?"

"मी बघीन," ओकदान म्हणाली. "बस. उसव ती. सुई देते."